सतरावं भोक

एकोणीसशे एकोणऐंशी साली गणपतीत इंजिनाचं डोकं वर होतं, नवरात्रात ते खाली गेलं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहाची किटली घेऊन निवृत्तीच्या शेडमध्ये शिरले तर ते पुन्हा वर आलेलं होतं.

निवृत्ती म्हणजे माझा धाकटा भाऊ. कोल्हापुरात उद्यमनगरात त्याची लेथची शेड होती. आमचं घरी केलेलं छोटं विमान बाकावर होतं आणि तो त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आक्का, दाजींना सांग, शेडची दुसरी चावी परत द्या म्हणावं."

"ते तुझ्या मागंच उभे आहेत. तूच सांग."

आमचे हे खरंच लेथच्या पलीकडं उभे होते. हातात पाना, चष्मा कपाळावर.

"खंडेनवमीला पुजेत मांडायला म्हणून मी इंजिन सोडलं," निवृत्ती माझ्याकडं बघतच म्हणाला. "हत्यारांबरोबर पाटावर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. तर यांनी दसऱ्याचा मुहूर्त साधला. भोकं पाडून मोकळे."

"सोनं लुटायचा दिवस. मी म्हटलं, निदान एक काम सरळ करावं," हे म्हणाले. "सरळ म्हणजे डोकं वर. जसं देवानं घडवलं तसं."

"देवानं न्हाई, कलकत्त्याच्या कारखान्यानं घडवलंय. त्यांच्या कागदावर लिहिलंय, कसंबी बसवा."

"कसंही बसवा असं लिहिलंय. उलटंच बसवा असं नाही लिहिलेलं."

मी तीन कप ओतले. एकानं घेतला नाही म्हणून दुसऱ्यानंही घेतला नाही. तिन्ही मीच प्यायले आणि दिवसभर पित्तानं हैराण झाले.

ज्यांनी असलं विमान पाहिलं नाही त्यांना सांगते. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर होतं तेवढे त्याचे पंख होते. हातातल्या डबीवरच्या दांड्या हलवल्या की ते आकाशात वळायचं, वायरीशिवाय. नाकाशी प्लायवूडची तळहाताएवढी फळी, त्या फळीला चार बोल्टांनी इंजिन, इंजिनाला पुढं लाकडी प्रॉपेलर. इंजिन मुठीएवढं, पण त्याला माणसासारखं डोकं होतं. ते डोकं वर ठेवून बसवता येतं, खाली करून बसवता येतं, नाहीतर कुशीवर निजवल्यासारखं आडवं. डोक्यात एक प्लग असतो. सुरू करताना त्याला बॅटरीचा चिमटा लावायचा, प्रॉपेलर फिरवायचा, इंजिन पेटलं की चिमटा काढून घ्यायचा. इंधन स्पिरिट आणि एरंडेलाचं. दर वेळी शेडसमोर इंजिन चालवून बघितलं की त्या वासानं मला लहानपणचे जुलाब आठवायचे.

डोकं वर की खाली, एवढाच प्रश्न. दोन शहाण्या माणसांनी त्यावर तीन महिने घालवले.

आमचे हे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि एनसीसीच्या विमान शाखेचं काम बघायचे. पुण्याच्या एका शिबिरात महिनाभर राहून विमान उडवायला शिकून आले होते. निवृत्तीच्या हातात कसब होतं. एकानं नकाशा वाचायचा, दुसऱ्यानं लाकूड कापायचं, अशी दोन वर्षं दोघं एका ताटात जेवल्यासारखे राहिले. पंखांवर ताणायला पातळ रेशीम हवं होतं, ते कोल्हापुरात मिळेना. मी ट्रंकेतून आईची मोतिया रंगाची चायना सिल्कची साडी काढून दिली. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी शिवणाचे वर्ग चालवायची, त्यामुळं साडी बेतून पंखांवर बसवायचं काम माझंच. पदर नाकाभोवती गुंडाळला. वर पातळ रोगण दिलं, ते वाळलं की रेशीम डफासारखं ताणलं जायचं.

आणखी एक काम माझं होतं. इंजिन सुरू करताना विमान धरून बसायचं आणि चिमटा लावायचा, काढायचा. नंतर अंगावर उडालेलं तेल पुसायचं. ते काम मला आवडायचं. हातात धरलेलं विमान थरथरायला लागलं की गाय पान्हवल्यासारखं वाटायचं. हे मी कधी कुणाला बोलले नाही, पस्तिशी ओलांडलेल्या बाईनं काय बोलायचं.

"उलटं असलं की तेल प्लगवर बसतं," हे म्हणायचे. "दहा वेळा फिरवा, पेटत नाही. शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल."

"आणि वर असलं की कसं दिसतं? कोंबड्याच्या तुऱ्यागत," निवृत्ती म्हणायचा. "खाली असलं की नाक देखणं दिसतंय."

"उतरताना नाक घासलं तर देखणं डोकं फुटेल."

"नीट उतरवा की मग."

"पैलवान चीत पडला की हरतो निवृत्ती, आणि तू मुद्दाम चीत पाडून मैदानात उतरवतोयस."

हे संवाद मला पाठ झाले होते. भाजी निवडताना मी दोघांच्याही बाजूनं बोलू शकायची. त्यात दोघांकडं शेडची चावी. एक नसला की दुसरा जाऊन इंजिन फिरवून ठेवायचा. वरचं खाली केलं की टाकीची पातळी जुळवायला इंजिन अर्धं बोट सरकवावं लागायचं, म्हणजे फळीला नवी चार भोकं. जुन्या भोकांत आगपेटीच्या काड्या आणि सरस भरायचा, घासायचं, वरून रंग. इतकं सफाईदार, की दुसऱ्याला किती भरली ते कळू नये.

त्या दिवशी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, चहा राहिला बाजूला आणि भलतंच झालं.

"हे बघ," हे म्हणाले, "तू मस्कतला चाललास. इथं राहणार मी. विमान माझ्या हातून उडणार. तेव्हा इंजिन मी म्हणतो तसं."

निवृत्तीला मस्कतच्या एका वर्कशॉपात नोकरी मिळाली होती. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी तो मुंबईला निघणार होता.

निवृत्ती म्हणाला, "म्हणजे मी कधी जातोय त्याचीच वाट बघायलाय तुम्ही."

इथं माणूस 'नाही रे' म्हणतो. दोन शब्द. आमचे हे म्हणाले, "तसं समज."

निवृत्तीनं त्यांच्यापुढं हात केला. यांनी खिशातून चावी काढून त्यावर ठेवली.

"आक्का, भाऊबीजेला माझी वाट बघू नगंस," तो म्हणाला. "त्या घरात मी पाय ठेवत न्हाई."

मी किटली घेऊन मागच्या नळावर गेले. निवृत्तीची बायको मंगल त्याचा डबा घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्या हातातले कप घेऊन धुवायला लागली.

"वन्सं, मला काय वाटतंय…"

"मंगल, तू आणि आता काही सांगू नकोस," मी म्हणाले. "दोघं काय कमी आहेत?"

ती कप विसळत राहिली.

माझे वडील आधीच गेले होते, मग आई. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते निवृत्तीचं घर. तो मस्कतला जाणार आणि जाताना असा रागानं जाणार. त्या काळी तिकडं गेलेला माणूस दोन-दोन वर्षं येत नसे. पत्र तरी त्यानं कोणत्या तोंडानं आमच्या पत्त्यावर टाकलं असतं? मी यांना म्हणाले, जा, दोन शब्द बोला. हे म्हणाले, तो लहान आहे, त्यानं यावं. मंगलकरवी निवृत्तीला निरोप पाठवला. उत्तर आलं, ते मोठे हायत, त्यांनी बोलवावं. वर आणि खाली, इथंही तेच.

भाऊबीजेला मी सकाळपासून पाट मांडून ठेवला. पाटाभोवती रांगोळी काढली. दहा वाजले, अकरा वाजले. हे बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. एकच पान अर्धा तास.

"येणार नाही तो," हे म्हणाले.

"माहीत आहे मला."

मी ताम्हण उचललं. निरांजन, सुपारी, अक्षता, करंजी, सगळं त्यात होतंच. वर पदर धरला आणि चपला घातल्या.

"अगं, भावाकडं जाऊन कुणी ओवाळतं का? त्यानं यायचं असतं."

"तुमच्या दोघांत सगळंच उलटं चाललंय. त्यात हे एक."

उद्यमनगरातली सगळी शटरं बंद होती, निवृत्तीचं तेवढं उघडं. तो एका खोक्यावर बसून विमानाकडं बघत होता. मला ताम्हण घेऊन आलेली बघितलं आणि उठून उभा राहिला.

"बस खाली."

"आक्का, इथं? तेलात?"

"बस म्हटलं ना."

तो लेथशेजारी पोत्यावर बसला. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. करंजी भरवली. त्यानं खिशात हात घातला.

"ते नको," मी म्हणाले. "मी मागीन ती ओवाळणी दे."

"काय?"

"इंजिन आडवं बसव."

तो करंजी चावायचा थांबला.

"आडवं?"

"हो. कुशीवर. वरही नाही, खालीही नाही. मला तेल पुसून पुसून कंटाळा आलाय, आडवं असलं की सगळं खाली जमिनीवर सांडेल. चिमटा लावायला वाकायला नको. आणि तेल प्लगवर बसणार नाही. उद्या सकाळी चिंचेच्या माळावर घेऊन ये. तू जायच्या आधी मला ते उडालेलं बघायचंय."

ओवाळणीला भाऊ नाही म्हणत नाही. निवृत्तीनं तोंड पुसलं, पाना घेतला, इंजिन सोडलं. मग मोकळ्या फळीकडं बराच वेळ बघत राहिला. अंगठ्यानं कड चाचपली, जिथं रेशीम आत वळवून चिकटवलं होतं तिथं.

"फळी बदलायला पायजे," तो पुटपुटला.

"मग बदल."

"न्हाई. वेळ न्हाई." आणि त्यानं ड्रिल उचललं.

घरी येऊन मी यांना सांगितलं. मला वाटलं, आता एक व्याख्यान होणार. पण यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "चिमटा कुठून लावायचा मग?"

"बाजूनं."

"प्रॉपेलरच्या मागून? खालून हात घालायला नको?"

"नको."

"मग ठीक आहे," हे म्हणाले आणि अंघोळीला गेले. त्यांची अंघोळ सकाळीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी माळावर आम्ही चौघं. मंगलनं भाकरी बांधून आणल्या होत्या. दोघं पुरुष एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होते. "आक्का, दाजींना सांग टाकी भरलीय." "त्याला म्हणावं, दिसतंय मला." मी विमान धरलं, चिमटा लावला. निवृत्तीनं काठीनं प्रॉपेलर फिरवला आणि दुसऱ्याच फटक्याला इंजिन पेटलं. तीन महिन्यांत इतक्या गुणानं ते कधी पेटलं नव्हतं. धूर खाली मातीत. मी चिमटा काढला, यांनी मान हलवली, मी हात सोडले.

ते गेलं. गवतावरून धावलं, उचललं, आणि चिंचेच्या शेंड्यावरून वळलं. ऊन पलीकडून होतं. मोतिया रेशमातून पंखाच्या सगळ्या फासळ्या दिसत होत्या, आणि एका टोकाला आईच्या पदराची बारीक वेलबुट्टी. दोन फेऱ्या झाल्या. निवृत्ती तोंड उघडं टाकून बघत होता. हे दांड्यांवर बोटं ठेवून हसत होते. मला वाटलं, झालं, मिटलं.

तिसऱ्या फेरीत आवाज एकदम चढला, मग काहीतरी कडकडलं आणि आवाजच गेला. विमानापासून एक काळा ठिपका सुटला आणि सरळ खाली माळाशेजारच्या उसात पडला. नाक हलकं झाल्याबरोबर विमानानं मान वर केली. यांनी दांडी पुढं रेटली, पण ते ऐकेना. वर गेलं, थांबलं, मागं घसरलं, आणि पिंपळाचं पान पडावं तसं डुलत, झोके घेत, उसाच्या पलीकडच्या कडेला उतरलं.

दोघंही उसात शिरले. मी बांधावर बसले, मंगल माझ्याशेजारी.

पाऊण तास ऊस सळसळत होता. आधी नुसती पाती वाजत होती. मग आतून एक आवाज आला.

"निवृत्ती, तुझ्या डावीकडं बघ. मी इकडं सरी धरतोय."

"बघितलं. तिथं न्हाई दाजी."

मी मंगलकडं बघितलं. ती भाकरीचं गाठोडं सोडत होती.

इंजिन निवृत्तीला सापडलं, विमान यांना. विमानाचा एक पंख मोडला होता, रेशीम कुठंच फाटलं नव्हतं. इंजिनाबरोबर अर्धी फळी आली होती, अर्धी नाकात अडकून होती. मी दोन्ही तुकडे मांडीवर जुळवले. रंग उडाला होता, काड्या गळून पडल्या होत्या. मी मोजायला लागले. डोकं वर, चार. डोकं खाली, चार. दसऱ्याला पुन्हा वर, चार. काल आडवं, चार. आणि एक जरा तिरकं, कुठल्याच चौकोनात न बसणारं.

"सतरा," मी म्हणाले. "अरे ही फळी आहे की चाळण? सतरावं कुणाचं?"

"माझं न्हाई."

"माझंही नाही."

"निवृत्ती, तू काल फळी बघितलीस. बदलायला पाहिजे म्हणालास. का नाही बदललीस?"

तो हातावरची उसाच्या पात्यांनी कापलेली रेघ चोळत होता. "फळी काढायची तर पदर फाडायला लागला असता," तो म्हणाला. "आईचं तेवढंच ऱ्हायलंय. म्हणून तर खाली करत हुतो. डोकं वर असलं की सगळं तेल पंखावर येतंय. आईच्या साडीवर एरंडेल, माझ्याच्यानं बघवत नव्हतं."

"हे तू कधी बोललास?" यांनी विचारलं.

"काय बोलायचं? तिनं दिली साडी. दिलेल्या वस्तूला कसं बोलायचं."

"निवृत्ती," मी म्हणाले, "ती साडी आई चार वेळा नेसली असेल. अंगावरून घसरते म्हणून चिडायची. सगळं लक्ष पदराकडंच, म्हणायची. आणि एरंडेल रिठ्याच्या पाण्यानं निघतं. दर वेळी मीच काढत होते ना?"

मी यांच्याकडं वळले.

"आणि तुमचं काय? खरंच प्लगसाठी?"

हे इंजिनातली माती बोटानं उकरत होते. "पुण्याच्या शिबिरात," ते म्हणाले, "एकानं चिमटा काढायला खालून हात घातला. उलटं इंजिन होतं. दोन बोटं गेली. मी समोर होतो." मग माझ्या बोटांकडं बघत म्हणाले, "तू शिवणाची बाई."

"हे तरी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू धरायला बसली नसतीस. आणि ते तुला आवडतं."

मला वाटत होतं ते मी कुणाला दाखवलेलं नाही.

राग इतका आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते राग म्हणूनच आलं असं मी आजही म्हणेन.

"तीन महिने," मी म्हणाले. "एकानं आईच्या पदरासाठी भोकं पाडली, एकानं माझ्या बोटांसाठी. एकालाही वाटलं नाही, हिला एकदा विचारावं?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" निवृत्तीनं विचारलं.

"आडवं."

"आडवंच तर होतं की," हे हळूच म्हणाले.

"आडवंच होतं. भोकं तुमची होती."

आधी निवृत्ती हसला, मग हे. मी हसले नाही. मंगलनं सगळ्यांपुढं भाकऱ्या ठेवल्या आणि मान खाली घालून चटणी वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी निवृत्ती आमच्याकडं जेवला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी हे त्याला मुंबईपर्यंत पोचवायला गेले.

मोडकी फळी काढताना नाकावरचा पदर मी माझ्या कात्रीनं कापला. नव्या फळीला चारच भोकं पाडली. ते विमान पुढं सहा वर्षं उडालं, इंजिन कुशीवर. नंतर यांनी ते शाळेला दिलं. आता ती खोली संगणकाची झाली आहे, विमानाचं काय झालं कुणी सांगत नाही. निवृत्ती मस्कतला नऊ वर्षं राहिला. दर भाऊबीजेला त्याचं पत्र यायचं, पत्ता दाजींच्या नावाचा. परत येऊन त्यानं पुन्हा शेड उघडली आणि दोन हजार आठ साली लेथसमोर बसल्या बसल्याच गेला. त्यानंतर सात वर्षांनी हे गेले. जुनी फळी मी सरसानं जोडून ठेवली आहे. ती माझ्या शिवणाच्या मशीनवर असते, तिच्या भोकांत मी क्रोशाच्या सुया खोचून ठेवते.

मंगल आता लेकाकडं गडहिंग्लजला असते. गेल्या दिवाळीत आली होती. मशीनजवळ बसून तिनं ती फळी उचलली, सुया एकेक करून काढून ठेवल्या, आणि बोट फिरवत त्या तिरक्या भोकावर आणून थांबवलं.

"ह्ये मी पाडलं, वन्सं."

मी चष्मा लावला.

"खंडेनवमीला डबा घेऊन गेले, शेडात कुणी नव्हतं. इंजिन पुजेत, फळी मोकळी. दोघांचं ऐकून कान किटले हुते. म्हटलं आपणच आडवं करून टाकावं, म्हणजे मिटलं. पुजेतलं ड्रिल उचललं, एक पाडलं, ते तिरकं गेलं. देवापुढचं हत्यार चालवलं म्हणून भ्याले, काडी खोचली नि पळाले."

"अगं, मग सांगायचंस ना मला!"

"सांगत हुते की," मंगल म्हणाली. "कप धुताना. तुम्ही म्हणाला, तू आणि आता काही सांगू नकोस."